खेळायला कोणाला विचारायचं?

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले होते. पारोळ्याच्या पुढे, बोरीच्या काठचं आमचं गाव, नदीत त्या दिवसांत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. घरासमोर मोठा निंब आहे आणि आखाजीला त्याला झोका बांधायचाच, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, कोणीतरी पोरगा आपोआप दोर घेऊन वर चढतो. तर त्या दिवशी संध्याकाळी माझ्या चुलत बहिणीची पोरगी झोक्यावर उभी राहून झोके घेत होती, ओढणी कमरेला बांधलेली, केस सुटलेले, आणि ती इतकी वर जात होती की खालच्या पोरी ओरडत होत्या. समोरच्या ओट्यावर बसलेल्या एका पोराने मोबाईलवर शूटिंग काढलं, त्याला कुठलंतरी गाणं लावलं आणि स्टेटसला टाकलं. रात्री जेवणं होईपर्यंत ते गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून आमच्या काकांच्या मोबाईलवर येऊन पोहोचलं. सकाळी उठून बाहेर येऊन बघते तर झोका नाही. काकांनी दोर सोडून, गुंडाळून माळ्यावर टाकला होता. म्हणाले, पोरींनी घरात बसून काय खेळायचं ते खेळा, उगाच काही झालं तर निस्तरणार कोण.

मी म्हटलं, काका, ज्याने शूटिंग काढलं त्याच्या घरी जाऊ ना आपण. तर म्हणाले, त्याच्या घरी जाऊन गावात तमाशा करायचा का? विषय संपला. पण मला दोराचं इतकं वाटलं नाही जितकं त्या पोरींचं वाटलं. पाच-सहा जणी होत्या ओट्यावर, हातावर मेंदी, नवे ड्रेस, आणि एकीनेही विचारलं नाही की आमचा झोका का काढला. सगळ्या एकदम आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागल्या. जिचा व्हिडिओ होता ती तर आत जाऊन गव्हाच्या कोठीजवळ बसली होती, आणि तिची आई तिला सांगत होती की जाऊ दे, तुला काय लहान पोरीसारखं झोके घ्यायचे असतात आता. बारावीची परीक्षा दिलेली पोरगी ती, निकाल यायचा होता. मला ते गप्प होणं जळगावला परत आल्यावरही कित्येक दिवस सोडत नव्हतं, भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही आठवायचं.

कारण मी ज्या आखाज्या बघितल्यात त्यात गप्प कोणीच नसायचं.

आमच्या लहानपणी आखाजीच्या दोन दिवस आधीपासून आत्या यायला लागायच्या. एसटी फाट्यावर थांबायची आणि तिथून बैलगाडी किंवा पायी. येताना आत्या डोक्यावर पदर घेऊन, बोटाने तो धरून यायच्या, गावची शीव ओलांडली की पदर खांद्यावर, आणि घरात पाय ठेवला की तो खोचलेला. आजी हातपाय धुवायला पाणी द्यायची आणि आत्या तिथेच मोरीजवळ बसून मोठ्याने बोलायला सुरुवात करायच्या. ह्याच आत्या त्यांच्या सासरी मी बघितल्या होत्या, तिथे चुलीपाशी बसून डोळ्यांनी बोलायच्या. माहेरी आल्यावर त्यांचा आवाज बदलायचा, चालणं बदलायचं, खाणंसुद्धा बदलायचं, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस असा काही ओरपायच्या की कोपरापर्यंत ओघळ. सकाळी घागरी भरून त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, विस्तवावर पितरांच्या घासाची आगारी टाकायची, पितरांचं झालं की मग दिवसभर बायांना कोणी हाक मारायची नाही. उन्हाळ्याचा तो धग लागणारा वारा, निंबाखालची सावली, सांजोऱ्यांचा तुपाचा वास, आणि झोक्याचा दोर फांदीवर घासल्याचा कर्रकर्र आवाज. रात्रीसुद्धा थांबायचा नाही तो आवाज, बाया चांदणं मावळेपर्यंत खेळायच्या, आणि आम्ही पोरी अंगणातल्या गोधडीवर पडून त्यांची गाणी ऐकत झोपून जायचो.

त्या दिवशी सुटलेल्या काही फक्त बायाच नसायच्या. सालदाराचं साल पण आखाजीलाच संपतं आमच्याकडे. वर्षभर मालकाच्या हाकेला धावणारा माणूस त्या एका दिवशी कोणाचाच नसतो, नवं साल ठरेपर्यंत तो मोकळा. आमच्याकडचा सालदार त्या दिवशी धुतलेले कपडे घालून ओट्यावर माझ्या आजोबांच्या शेजारी पत्ते खेळायला बसायचा, आणि हरल्यावर आजोबांना तोंडावर चिडवायचा. दुसऱ्या दिवशी परत मालक आणि सालदार. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं, आता मला त्या माणसाचा पानं पिसतानाचा चेहरा आठवतो, किती निवांत पिसायचा तो.

आणि मग आखाजीची गौराई बोळवायच्या दिवशी बार. खान्देशाबाहेरच्या माणसाला बार सांगितला तर विश्वास बसत नाही. नदीच्या ह्या काठाला आमच्या गावच्या बाया, त्या काठाला समोरच्या गावच्या, आणि दोन्हीकडून शिव्या. गाण्यातून शिव्या, नुसत्या शिव्या, हातवारे, मधेच खडे सुद्धा फेकायचे. नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा अशा बाया तिथे उभ्या राहून समोरच्या गावच्या पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायच्या, आणि शिव्या देता देता हसून हसून वाळूत बसायच्या. गंमत म्हणजे त्याला नियम होते आणि ते बायांनीच ठरवलेले. आमच्याकडे खडा गुडघ्याच्या वर मारायचा नाही, मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि दिवस बुडाला की थांबायचं. थांबल्यावर त्याच बाया मधल्या पाण्यात उतरून एकमेकींना विचारायच्या, कशी आहेस, पोरगी उजवली का. पुरुष लांब उभे. एकही पुरुष तिथे येऊन असं म्हणायचा नाही की बास झालं आता. म्हणायची हिंमत नव्हती की गरज वाटत नव्हती, मला माहीत नाही, पण एक दिवस तो काठ त्यांचा नव्हता हे त्यांनाही कळत होतं.

कोणी म्हणेल वर्षात एक दिवस मोकळं सोडायचं म्हणजे उरलेले दिवस दाबायला बरं. वाफ काढून देण्याची सोय आहे ही. मी पण असं बऱ्याचदा ऐकलंय आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, कारण बार खेळून आलेली माझी मधली आत्या परत सासरी गेल्यावर मार खायचीच. पण तीच आत्या नंतर एकदा सासरच्या भाऊबंदांच्या बैठकीत, जमिनीच्या वाटणीच्या वेळी, सगळ्या पुरुषांसमोर उभी राहून बोलली, आणि तिच्या दिराने गप्प बस म्हटल्यावर बसली नाही. घरी येऊन आजीला सांगत होती की पाय थरथरत होते पण आवाज मोठा निघाला, आवाजाची सवय होती मला. ती सवय तिला शाळेत लागली नव्हती, शाळेत ती गेलीच नव्हती. ती नदीवर लागली होती.

मी धुळ्याला शिकायला होते तेव्हा होस्टेलला राहायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथे भिंतीवर नियमांचा बोर्ड होता आणि बोर्डावर नसलेले नियम त्याहून जास्त. व्हरांड्यात उभं राहायचं नाही, खिडकीत कपडे वाळत टाकायचे नाहीत, जोरात हसायचं नाही. आवाज बाहेर गेला की बाहेर पोरं उभी राहतात, असं रेक्टर मॅडम म्हणायच्या. म्हणजे पोरं उभी राहतात तर आम्ही हसणं बंद करायचं. भादव्याची पौर्णिमा झाली आणि गुलाबाईचे, म्हणजे पोरींनी गाणी म्हणत खेळायचे दिवस आले, आम्ही सगळ्या खेड्यांवरून आलेल्या पोरी, गाण्याशिवाय गुलाबाई कशी होणार? पहिल्याच दिवशी गाणी बंद करायला लावली. मग यावलकडची एक मैत्रीण होती तिने डोकं चालवलं. गुलाबाईत खाऊचा डबा वाजवून खाऊ ओळखायचा असतो ना, तो खेळ आम्ही न बोलता खेळायला लागलो. डबा वाजवायचा नाही, बोलायचं नाही, जिने खाऊ आणलाय तिने नुसते हावभाव करायचे आणि बाकीच्यांनी हवेत बोटाने लिहून ओळखायचं. हसू आलं तर उशीत तोंड. जी मोठ्याने हसेल तिने सगळ्यांची ताटं धुवायची. अगं काय सांगू, इतकं हसलोय आम्ही त्या खोलीत, पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी, आणि बाहेर चिडीचूप.

एका रात्री मॅडम टॉर्च घेऊन दारात. आम्ही सगळ्या जमिनीवर गोल करून बसलेल्या, तोंडं मिटलेली, आणि मध्ये एक पोरगी दोन्ही हात परातीत फिरवल्यासारखे करतेय. मॅडमना काय बोलावं कळेना, बोर्डावरचा एकही नियम मोडलेला नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या थोडा वेळ. मग हळूच म्हणाल्या, भत्ता आहे का? होता भत्ताच, मुरमुरे, शेव, कांदा घालून केलेला. त्या बसल्या नाहीत आमच्यात, पण दारात उभ्या राहून त्यांनी मूठभर खाल्ला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांनाही कोणाचीतरी भीती आहे, संस्थाचालकांची असेल, पालकांची असेल. आम्हाला घाबरवणारी बाई स्वतः रात्री टॉर्च घेऊन फिरते, तिला झोप लागत नाही. नियम काही शिथिल झाले नाहीत नंतर. पण मॅडमनी नंतर आम्हाला हसण्यावरून टोकलं नाही, आणि आम्हाला त्यांच्याकडे बघून छातीत धडधड व्हायचं बंद झालं.

आता ह्या सगळ्यात मला एक गोष्ट सारखी दिसते. भीती माणसाला एकेकटं गाठते. ओट्यावरच्या त्या पोरी शेजारी शेजारी बसून एकेकट्या झाल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात आपापला स्क्रीन. काय होईल हे काका सांगत नव्हते, आणि सांगत नव्हते म्हणूनच प्रत्येकीने आपल्या मनाने काहीतरी भयंकर भरून घेतलं असणार. खेळ तसा होत नाही. खेळायला दुसरी लागते, आणि दुसरी आली की नियम ठरवावे लागतात, राज्य कोणावर, शिवलं कधी म्हणायचं, रडारड केली तर काय. पोरी भांडून भांडून नियम ठरवतात आणि पटले नाहीत तर अर्ध्यात बदलतात. ज्या पोरीने लहानपणी असे शंभर नियम केलेत आणि मोडलेत तिला आतून माहीत असतं की नियम माणसं करतात, वरून पडत नाहीत. मला वाटतं दाबून ठेवणाऱ्याला खरी अडचण याची होते. नुसतं हसण्याची नाही.

पोलंड देशात व्रोत्सवाफ नावाचं शहर आहे, तिथली हकिकत मी वाचली तेव्हा मला आमच्या होस्टेलची ती खोलीच आठवली. 13 डिसेंबर 1981 ला तिथे लष्करी कायदा लागला. रणगाडे रस्त्यावर, सॉलिडॅरिटी नावाची कामगारांची प्रचंड मोठी संघटना होती तिचे लोक तुरुंगात. लोक रात्री भिंतींवर घोषणा लिहायचे आणि सरकारी माणसं त्यावर रंग फासायची, म्हणून शहरभर भिंतींवर रंगाचे ठिगळ झाले होते. प्रत्येकाला माहीत की ठिगळाखाली काय आहे. तर वाल्देमार फिद्रिख नावाचा एक तरुण आणि त्याचे मित्र 1982 मध्ये त्या ठिगळांवर टोपीवाले बुटके काढायला लागले. बास, बुटके, परीकथेतले. घोषणा नाही, शिवी नाही. आता पोलिसाने करायचं काय? बुटका पुसला तर तो बुटक्याला घाबरला, नाही पुसला तर ठिगळावर ते हसरं तोंड राहिलं. पुढे ह्या मंडळींना ऑरेंज अल्टरनेटिव्ह म्हणायला लागले, आणि 1 जून 1988 ला, तिकडे त्या दिवशी बालदिन असतो, हजारो लोक बुटक्यांच्या टोप्या घालून शहरातल्या मुख्य रस्त्यावर आले. ह्यांच्या अशा कार्यक्रमांत पोलीस माणसांना धरून गाडीत घालायचे. टोपी घातली म्हणून. पकडणाऱ्यालाच लाज वाटावी असं दृश्य असणार ते. पुढच्याच वर्षी तिथे निवडणुका झाल्या आणि सत्ता बदलली, ती काही बुटक्यांमुळे बदलली नाही, त्यामागे कामगारांचे संप होते, तुरुंगात काढलेली वर्षं होती. पण रस्त्यावर उतरायला घाबरणारा जो साधा माणूस असतो, पोरंबाळं असलेला, नोकरी असलेला, त्याला घोषणा द्यायला सांगितलं असतं तर तो आला नसता, टोपी घालायला तो आला. आता त्या शहरात जागोजागी बुटक्यांचे छोटे छोटे ब्राँझचे पुतळे आहेत आणि पोरं नकाशा घेऊन ते शोधत फिरतात म्हणे.

पण मजा म्हटली की सगळं चांगलंच असं मी म्हणत नाहीये, आणि इथे मला जरा थांबून बोलायचंय. खेळाची ताकद सत्तेलाही चांगली कळते. आपल्याच खान्देशात 1825 मध्ये इंग्रजांनी जेम्स आउट्रम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला पाठवलं भिल्लांना वठणीवर आणायला. आधी लष्कर पाठवून झालं होतं, डोंगरातले भिल्ल हाताला लागत नव्हते. आउट्रमने काय केलं, तर तो त्यांच्यात जाऊन बसला, त्यांच्याबरोबर वाघाची शिकार केली, खाणंपिणं केलं, आणि मग त्यांच्यातल्याच तरुणांना घेऊन धरणगावला भिल्ल कोअर नावाची पलटण उभी केली. तेव्हापासून भिल्लांना धरायला भिल्लच. शिकारीत मजा आली असणार त्या लोकांना, ती खोटी होती असं नाही, पण खेळाचा शेवट काय हे एकट्या आउट्रमला माहीत होतं. आणि इतक्या मागे तरी कशाला जायचं. आमच्या गल्लीतून मिरवणूक जाते तेव्हा डीजेच्या भिंतीसमोर पोरं नाचतात, त्यांना मजाच येत असते, आणि आत घरात म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडत असते, काचा हादरतात. धुळवडीला नको नको म्हणणाऱ्या पोरीला धरून रंग फासतात आणि वर म्हणतात, बुरा मत मानो. ओट्यावरून शूटिंग काढणारा तो पोरगा पण म्हणाला होताच की मजाक केली. ज्याला नको म्हणून बाहेर पडता येत नाही त्याच्यासाठी तो खेळ नसतो, एवढं मला पक्कं वाटतं. बारामध्ये ज्या बाईला शिव्या द्यायच्या नसायच्या ती मागे जाऊन बसायची आणि तिला कोणी ओढायचं नाही.

होळी म्हटल्यावर सातपुड्यातली होळी आठवली. नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याकडे एक पुनर्वसन वसाहत आहे, तिथे ओळखीच्या शिक्षकांकडे एकदा होळीला गेले होते. सरदार सरोवरात आपल्या महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, अक्राणी आणि अक्कलकुव्याची, नर्मदेच्या काठची. तिथली माणसं खाली सपाटीवर आणून वसवली. डोंगरात घरं एकमेकांपासून लांब लांब असतात, प्रत्येकाचं शेत आणि शेताजवळ घर, इथे सरळ रेषेत प्लॉट, प्लॉटला नंबर. दिवसा ती वसाहत बघून मला कसंतरीच झालं, फार उजाड वाटलं. पण रात्री ढोल सुरू झाले. ज्यांनी पाळणी, म्हणजे होळीचं व्रत, धरली होती ते बुध्या बनून आले, अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं, चालले की खळळ खळळ. ही माणसं आधी कित्येक दिवस खाटेवर झोपत नाहीत, अंघोळ करत नाहीत, सगळे नियम मनापासून पाळतात, कोणी डोक्यावर उभं नसतं. रात्रभर नाच. बायांची रांग, एकमेकींच्या कमरेत हात, दोन पावलं पुढे एक मागे, आणि त्या रांगेने नंबरांचे प्लॉट असे ओलांडले जसे ते नव्हतेच, ह्या अंगणातून त्या अंगणात. एक म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, सायबाने जमीन मोजली, ढोल नाही मोजला. पहाटे होळी पेटली तेव्हा तो उठून नाचायला गेला, गुडघा दुखतो म्हणून इतका वेळ बसला होता तो. त्याची शेतीची, पाण्याची, कागदपत्रांची कटकट दुसऱ्या दिवशी तशीच होती, शिक्षक सांगत होते. त्या कागदांसाठी ही माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढतात, तालुक्याला चकरा मारतात, आणि होळीलाही नाचतात. मला दोन्ही एकाच जिद्दीतलं वाटलं.

काकांचं सांगायचं राहिलं. काका वाईट माणूस नाहीत. मला सायकल त्यांनीच शिकवली, ती पण गावच्या भर रस्त्यावर, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. दुपारी मी त्यांच्याजवळ बसले तर म्हणाले, तू जळगावला राहतेस, तुला माहीत नाही, एक व्हिडिओ फिरला की सोयरीक मोडते, पोरगी जिवाचं काही करून घेते, मी पेपरात रोज वाचतो. त्यांचे डोळे लाल होते, रात्रभर झोपले नव्हते. ती भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण त्याच रात्री त्याच निंबाखाली पुरुषांचा पत्त्यांचा डाव पहाटेपर्यंत चालला होता, पैसे लावून, आणि काही झालं तर असं कोणीच म्हटलं नव्हतं. मी काकांना तेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

आणि मग चार वाजता आमच्या जिजी उठल्या. काकांच्या काकू त्या, सत्तरी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेल्या. दारात येऊन म्हणाल्या, "दोर कोठे शे रे?" काका म्हणाले, कशाला? "मी बठस झोकावर. काढू दे त्यासले मन्हा व्हिडिओ." काका म्हणाले, काकू, पडशील, काही झालं तर? जिजी म्हणाल्या, "काय व्हई जाई मन्हं आते?" सगळे हसले, काका सोडून. पण काकूला नाही कसं म्हणणार, दोर खाली आला. जिजी बसल्या झोक्यावर, दोन्ही हातांनी दोर गच्च धरून, आणि समोरच्या ओट्याकडे तोंड करून गाणं म्हणायला लागल्या, मोठ्याने, आणि त्या गाण्यात ओट्यावरच्या पोराच्या आईबापाचा, आज्यापणज्याचा सगळ्यांचा उल्लेख आला. बारातलं गाणं होतं ते. मग शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या. मग माझी आई. म्हाताऱ्यांची रांग लागली झोक्याला, आणि समोरचा ओटा रिकामा झाला. पोरी हळूहळू ओट्यावरून उतरल्या, आधी झोका द्यायला, मग घ्यायला. माझ्या बहिणीची पोरगी मात्र बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती धुळ्याला निघून गेली, आणि तो व्हिडिओ कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये अजून असेलच. जिजींनी झोका परत आणला, तिची ती संध्याकाळ परत आणता आली नाही, हे मला फार लागतं.

त्यानंतर श्रावणात आमच्या जळगावच्या कॉलनीत कानबाई, आमची खान्देशची देवी, बसली. नागपंचमीनंतरचा रविवार, शेजारच्या घरी रोटांचा वास, आणि सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक, पुढे बँड, मागे फुगड्या खेळत निघालेल्या बाया. कॉलनीतले काही जण आधीच सांगत होते की बायांनी नाचू नये, रस्त्यावर पोरं मोबाईल घेऊन उभी असतात. शेजारची पोरगी आहे, कॉलेजात जाते, ती आदल्या रात्री रोट भाजता भाजता म्हणाली की मावशी, आपण नियमच करू, जो शूटिंग काढेल त्याने आपल्यात येऊन फुगडी घालायची. बायांनी लगेच उचलून धरलं. बँडवाल्यालाही सांगून ठेवलं. चौकात आलो तर खरंच तिघं मोबाईल वर करून उभे. पोरीने बँड थांबवला, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केले. म्हणाली, काढला ना व्हिडिओ, आता फुगडी, नाहीतर डिलीट कर. सगळ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. दोघांनी मोबाईल खिशात घातले आणि मागच्या मागे गेले. तिसरा लाजला, मान खाली घालून उभा राहिला, मग त्याने पोरीसमोरच व्हिडिओ डिलीट केला आणि म्हणाला, फुगडी येत नाही मला, शिकवा. माझ्या शेजारच्या काकूंनी, चांगल्या जाडजूड आहेत त्या, त्याचे हात धरले, पाय जोडून उभं कसं राहायचं ते सांगितलं, आणि दिला गिरका. दुसऱ्या फेरीतच तो चप्पल सोडून खाली बसला. बँडवाला ओरडून विचारत होता, वाजवू का पुढे, आणि काकू म्हणत होत्या, थांब रे बाबा, त्याला एकदा नीट जमू दे.